दांडा कोणाकडे

मामाने भाचीला पहिला फटका मारला तो जमिनीपासून हजार फुटांवर, आणि तिथून पळून जायला जागा नव्हती. दोन माणसांचं जुनं विमान, खांद्याला खांदा घासेल एवढी केबिन, दोघांच्याही गुडघ्यांमध्ये विमान वळवायचा एकेक दांडा. दोन्ही दांडे खालून जोडलेले; एक हलला की दुसरा हलणारच. डावीकडे ती, उजवीकडे मामा, आणि मामाच्या डाव्या हातात लाकडाची पट्टी. ही पट्टी खरं तर पंखातल्या टाकीत बुडवून पेट्रोल किती उरलंय ते बघायची असते. मामाने तिला दुसरं काम लावलं होतं. शिकणाऱ्याचं जरा चुकलं की पट्टी उभी धरायची आणि बोटांच्या हाडांवर सपकन ओढायची.

मामा ऐरागैरा नव्हता. वीस वर्षं त्याने शेतांवर औषध फवारलं होतं, विजेच्या तारांखालून विमान काढलं होतं. दोनदा पडला, दोनदा पाठीत सळ्या घालून घेतल्या, आणि मग गावाबाहेरच्या गवताळ धावपट्टीवर उडायला शिकवायची शाळा काढली. एक पत्र्याची शेड, दोन विमानं, एक म्हातारा मिस्त्री. अकरा जणांना त्याने लायसन्स मिळवून दिलं होतं, आणि अकराही जण आपल्या बोटांवरचे वण कौतुकाने दाखवत. मार खाल्ला म्हणून जिवंत आहोत, असं म्हणत. मार न खाता जिवंत असलेली कितीतरी माणसं रोज उडतात, हे त्यांच्या डोक्यात येत नसे.

शेडच्या भिंतीवर मामानेच एकदा लाल रंगाने लिहिलं होतं: ‘दांडा घेणाऱ्याने "माझा" म्हणावे. देणाऱ्याने "तुझा" म्हणावे. न बोलता घेऊ नये, न बोलता देऊ नये.’ नियम साधा आहे. दोघांच्या हाती विमान आलं तर ओढाताण होते, आणि कोणाच्याच हाती राहिलं नाही तर काय होतं ते सांगायलाच नको. पण तपासणीवाले येऊन गेले की मामाच्या लेखी ती भिंत कोरी. त्याची पट्टी पडली म्हणजे समजायचं, विमान मामाकडे. हात काढायचा. तापल्या इस्त्रीवरून काढतात तसा.

भाची हे चटकन शिकली. तिला सगळे दाभण म्हणत, कारण ती तशीच लांब आणि सडपातळ होती, आणि विमानाच्या पंखांवर कापड ताणून शिवायचं काम चार वर्षं तीच करत होती. पंख शिवावेत तर हिनेच, असं मिस्त्री सांगे. तिला एकच गोष्ट हवी होती. शेजारची खुर्ची रिकामी असावी, आणि आपण एकटीने वर जाऊन एकटीने खाली यावं. त्याआधी मामाने वहीत सही करायला हवी होती, आणि त्या सहीपायी तिने चाळीस तास बोटं सोलून घेतली होती.

एकदा शेडसमोर सगळे चहा पीत बसले होते. उकडत होतं म्हणून मामाने टोपी काढायला हात वर केला, आणि दाभणच्या हातातला कप खाली पडून फुटला. चहा तिच्या पायावर सांडला. सगळे पोट धरून हसले.

"अगं, टोपी काढतोय!" मामा म्हणाला. मग इतरांकडे वळून म्हणाला, "बघितलंत? हात कसा सुटतो ते? याला म्हणतात शिकवणं."

दाभणही हसली. तिला आपल्याच हसण्याची शिसारी आली, पण ती हसली.

ज्या दिवशी सही मिळायची होती, त्या दिवशी मामा सकाळपासून पेटलेला होता. मिस्त्रीने चाकातली हवा तपासली नव्हती म्हणून मामाने त्याला पाना फेकून मारला. पाना कानशिलाला चाटून गेला. मिस्त्रीने कापडाचा बोळा कानाला लावला आणि निमूटपणे हवा भरली. दाभणची आई कुंपणाशी उभी होती, लेकीचं एकटीचं उड्डाण बघायला आलेली.

"दादा, आज तरी मारू नकोस रे तिला," आई म्हणाली.

"तू भाजी निवड जा. हे माझं काम आहे."

ठरलं असं होतं: मामाबरोबर तीन फेऱ्या. तिन्ही चांगल्या झाल्या तर मामा उतरणार आणि चौथी तिची एकटीची. दोन फेऱ्या उत्तम झाल्या. तिसऱ्या फेरीत वळताना वारा आडवा आला, पंख जरा जास्त कलला, आणि पट्टी पडली. तिचा हात सुटला. मामाने उजव्या हाताने आपला दांडा धरून पंख सरळ केला आणि न बोलता सोडून दिला. दांडा परत आपल्याकडे आलाय हे तिला विमान डुलायला लागल्यावर कळलं.

तिचं तोंड तेव्हा कसं उघडलं कोण जाणे. "मामा, भिंतीवर लिहिलंय तसं बोला ना. तुम्हीच लिहिलंय."

मामाचा चेहरा लालबुंद झाला.   तिने वेग कमी केला, धावपट्टीच्या रोखाने विमान वळवलं, आडव्या वाऱ्यासाठी उजवा पंख जरा खाली धरला. सगळं बरोबर होतं. कुंपण पायाखालून गेलं, आई दिसली. जमीन दोन मजले खाली राहिली असेल.

"मला शिकवतेस?" मामा ओरडला. "काल दाभण टोचत होतीस, आज मला शिकवतेस?"

आणि पट्टी पडली. नेहमीपेक्षा जोरात, रक्त निघेल अशी. तिचा हात सुटला. चाळीस तासांत एकदाही चुकला नव्हता, तो आज कसा चुकेल?

पण मामाने विमान घेण्यासाठी मारलं नव्हतं. रागाने मारलं होतं. त्याच्या उजव्या हाताचं बोट तिच्या डोळ्यांसमोर नाचत होतं, डावा हात दुसऱ्या फटक्यासाठी वर गेला होता, आणि दोन्ही दांडे मोकळे होते. तिने मामाच्या हाताकडे पाहिलं, मामाने तिच्या हाताकडे पाहिलं. तेवढ्यात वाऱ्याने उजवा पंख उचलला.

डावा पंख जमिनीत घुसला. तिनेच महिनाभर बसून शिवलेलं कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटत गेल्याचा आवाज तिने ऐकला. मग विमान नाकावर उभं राहिलं, फिरलं, आपटलं. पंख्याची पाती मोडून उडाली. इंजिन आत घुसलं. तिचं कपाळ पुढच्या चौकटीवर फुटलं आणि तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला. नंतर फक्त ठिबकण्याचा आवाज येत राहिला. डोक्यावरच्या टाकीतून पेट्रोल तिच्या खांद्यावर पडत होतं, आणि पुढे गरम इंजिन चरचरत होतं.

तिने आपले आणि मामाचे पट्टे सोडले. दार तिच्या बाजूला होतं, उघडंच होतं. मामाच्या बाजूची भिंत आत दबली होती. त्याला निघायचं तर तिच्या खुर्चीवरूनच निघायला हवं होतं. त्याने डाव्या हाताने छपराची नळी धरली होती. मूठ आवळलेली, नखं पांढरी पडलेली, डोळे सताड उघडे.

"चला मामा! सोडा ते!"

"सोडतो," मामा म्हणाला. मूठ सुटली नाही.

"सोडा!"

"सोडतो, सोडतो," तो पुटपुटत राहिला आणि नळीला चिकटून राहिला. भीतीने माणसाचा हात असा गोठतो. तिने बोटं उलगडायचा प्रयत्न केला, दातांनी चावून पाहिलं. चरचर वाढली. तेव्हा तिला खुर्चीखाली अर्धी मोडलेली पट्टी सापडली.

"सोड!" ती किंचाळली. आयुष्यात पहिल्यांदा मामाला अरेतुरे केलं आणि पट्टी उभी धरून त्याच्या बोटांवर ओढली. हाड वाजलं. दुसरा. तिसऱ्याला मूठ सुटली.

चौथा मारायची गरज नव्हती. तिने चौथा मारला. पाचवा मारला, सहावा मारला. सातव्याला तिच्याच हातातून पट्टी निसटली. मग तिने मामाची कॉलर धरून त्याला खुर्चीवरून ओढला, पायाचं हाड बाहेर आलं होतं तरी ओढला, गवतातून फरफटत नेला. धावत आलेल्या मिस्त्रीने दुसऱ्या खांद्याला हात घातला. वीसेक पावलांवर गेले असतील, आणि मागे भडका उडाला. तिच्या मानेवरचे केस जळाले. आई कुंपणावरून पडत झडत येत होती आणि एकाच वेळी दोघांच्या नावाने रडत होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मिस्त्री तिच्याशेजारी येऊन बसला. कानाला अजून बोळा होता.

"तिसऱ्यालाच सुटली होती मूठ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी धावताना बघत होतो."

"मलाही दिसली."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्याने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

चौकशीला आलेल्या साहेबाने एकच विचारलं: पडताना दांडा कोणाकडे होता? मामा खाटेवरून म्हणाला, "तिच्याकडे."  दाभणने उजवा हात टेबलावर ठेवला. चार बोटांवरून एक सरळ काळीनिळी रेघ गेली होती, तिच्याखाली जुन्या रेघा होत्या. मग मिस्त्रीने बोळा काढून आपला कान दाखवला. मामाचा शिकवण्याचा परवाना गेला. उडण्याचा आपोआपच गेला, कारण डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत.

तिला पुढे एका बाईंनी शिकवलं, दुसऱ्या शाळेत. त्या प्रत्येक वेळी "माझा" म्हणत आणि "तुझा" ऐकल्याशिवाय दांड्याला बोट लावत नसत. पहिले दोन आठवडे दाभणला त्याचंच रडू येई. एकटीचं उड्डाण झालं. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती चार वेळा तिकडे बघून आली. शेवटच्या परीक्षेत परीक्षकाने ऊन लागतं म्हणून वरची झडप ओढायला हात उचलला, आणि तिचा हात दांड्यावरून उडाला. विमानाचं नाक वळलं. तिने दांडा परत पकडला आणि मोठ्याने म्हणाली, "माझा."

"मी घेतलाच नव्हता," परीक्षक म्हणाला.

"माहीत आहे. मी माझ्या हाताला सांगितलं."

त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि तिला विमान पुन्हा एकदा उतरवून दाखवायला लावलं. लायसन्स मिळालं.

ते दाखवायला ती मामाकडे गेली. आईने जा म्हटलं म्हणून नव्हे; तिलाच जायचं होतं, त्याने बघावं म्हणून. मामा ओट्यावर बसला होता, वाकड्या बोटांत चहाचा कप कसाबसा अडकवून. तो बराच खंगला होता. ती समोर उभी राहिली. चालत आली होती, घाम आला होता. टोपी काढायला तिने हात वर केला.

मामाची बोटं सुटली. कप ओट्यावर पडून फुटला आणि चहा त्याच्या पायांवर सांडला. मामाने मान खाली घातली.

तिला आनंद झाला. अंगभर, उकळी फुटावी तसा आनंद झाला, आणि तो पुरता उमटल्यावर तिला त्याची भीती वाटली. भावाला बघायला आलेली आई दारात येऊन उभी होती. या वेळी कोणी हसलं नाही.

"टोपी काढत होते, मामा," ती म्हणाली. आणि हात खाली घ्यायला तिला लागायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.