माणिकराव सायबाची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी हाय. काळी, जाड, अंगाला टोचनारी. टोचते तर टोचते, मऊ व्हायला मी काही शालूच्या खानदानातली न्हाई. तुमी मला कोपऱ्यात फेका न्हाईतर धान्याच्या पोत्याखाली दाबा, माझं तोंड बंद व्हनार न्हाई. माझ्यावर एक लय मोठा मानूस बसून गेलाय. त्याचं नाव पुसायला निघाले व्हते लोक. म्हनून बोलायलेय.

झरीहून बोरीकडं जाताना एक उघडा माळ लागायचा. तितं उमाजी धनगराची मेंढरं चरायची. त्याच मेंढरांची काळी लोकर कातरून उमाजीच्या बायकोनं, बानूबाईनं, सूत काढलं. डोक्यावर पाटी, पायाखाली वाट आन हातात सूत कातायची चाती, असं चालता चालता काढलं. मंग मला मागावर विनलं, चिंचोक्याची खळ पाजली आन उन्हात ताठ केलं. पहिल्याच पावसाळ्यात उमाजीनं मला डोक्यावरून घेतलं आन आतून कोरडा ठनठनीत राहिला. "हिच्यावानी दुसरी दाखवा!" असं तो भर बाजारात म्हनायचा. मी बी फुगायची. कौतुक कुनाला नको असतं?

त्या वक्ताला निजामाचं राज व्हतं. हैद्राबादेत एका लहान कंपनीनं विमानं चालवायला काढली व्हती. वाटंत अडचन आली तर उतरायला जागा पायजे, म्हनून आमचा माळ त्यांनी धरला. आता मेंढरं हाकलतेत म्हनून आमची मंडळी तोंड बारीक करून बसली. तर कंपनीचा सगळ्यात वरचा मानूस, माणिकराव साहेब, सोताच विमान हाकत आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, आन हसला की सगळं अंग हालनार. खाली उतरून त्यानं पायानं गवत चाचपलं.

"हे गवत वाढलं तर चाकं अडकतील. कापणार कोण?"

"कापायला कशाला पायजे, साहेब?" उमाजी म्हनला. "मेंढरं काय झक मारायला ठिवलीत का?"

बरोबरचा कारकून दचकला. माणिकराव मात्र उमाजीकडं बघतच राहिले. "खरं हाय गड्या," म्हनले. "मग मेंढरं राहू द्या. वरून आवाज आला की बाजूला घ्या, एवढंच."

झालं. माळ कंपनीचा, गवत मेंढरांचं आन राखनदार उमाजी.

माळाच्या टोकाला एक उंच खांब रोवला आन त्याला पांढऱ्या कापडाची वाऱ्याची पिशवी बांधली. ती फुगून आडवी झाली की वारा हाय, खाली लोंबली की वारा न्हाई, असं वरून बघनाऱ्याला कळायचं. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, मागून वारा आला तर थांबत न्हाई. वादळात ती पिशवी फाटली. ठिगळ लावायला बानूबाईनं खाली काढून ठिवली, तर शेळीनं अर्धी खाऊन टाकली! बानूबाईनं कपाळ बडवलं. सायबाची वस्तू! कंपनीला सांगावा धाडला, पन दुसरी काही येईना. मंग उमाजीनं घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढली. कोनती? मी!

"हिला शेळी खानार न्हाई आन वादळ फाडनार न्हाई," तो म्हनला. बानूबाईनं मला शिवून गोल केली आन वर टांगली.

आता मला सांगा, मी मानसाच्या अंगावर दाबून बसायला जन्मलेली. मी काय वाऱ्यावर उडनार? पश्चिमेचा वारा चांगला सुटला व्हता, पन मी आपली सरळ खाली लोंबले. वरून माणिकरावांनी बघितलं, त्यांना वाटलं वारा न्हाई. पाठीवर वारा घेऊन उतरले. विमान माळ वलांडून थेट लिंबाजी पाटलाच्या जवारीत घुसलं. पंखा मोडला, एक चाक निखळलं.

साहेब जवारीतून चालत आले. कपाळावरून रगत गळायलंय, धांड्याची पानं टकलाला चिकटलेली. खांबाखाली उभं राहून वर बघितलं.

"हे काय टांगलंय?"

 बानूबाई पुढं झाली. "घोंगडी हाय, साहेब. तुमची पिशवी शेळीनं खाल्ली."

"घोंगडी?" साहेब खाली बसले आन हसायला लागले. कपाळ दाबून धरून हसले. "अहो बाई, ती शेळी आणा आधी. कंपनीत घेतो तिला. माझ्या कारकुनापेक्षा तिचं काम चोख हाय!"

उमाजी रडायला लागला. तवा सायबांनी हसनं थांबवलं. "उमाजी, तुम्ही सांगावा धाडला व्हता. पिशवी धाडायचं काम माझं व्हतं. चूक माझी." हैद्राबादेत जाऊन भागीदारांपुढं बी त्यांनी तेच सांगितलं. शेळीचं नाव काढलं न्हाई आन आमचं बी न्हाई.

नवी पिशवी आली. माझी शिवन उसवली आन मला खांबाखाली अंथरली. तवापासून साहेबाची बैठक माझ्यावर. धनगराच्या घोंगडीवर वहाना घालून कोनी चढत न्हाई, आन बसल्यावर खोटं बोलत न्हाई, ही रीत. साहेबांनी ती कंपनीलाच लावली. विमान हाकनारा असो, विमान दुरुस्त करनारा मुंजाजी मिस्त्री असो, न्हाईतर उमाजी. समदे जोडे काढून गोल बसायचे. "घोंगडीवर हुद्दा न्हाई," साहेब म्हनायचे. "काय बिघडलंय ते आधी मिस्त्री सांगतील, मग मी बोलंन." मुंजाजी मिस्त्री तोंडावर सांगायचा, "साहेब, कालचं उतरनं तुमचं भिकार व्हतं." साहेब मान हलवून भाकरीचा तुकडा मोडायचे.

एकदा उमाजीची सून, भिवराबाई, अडली. मूल आडवं आलं व्हतं. साहेबाला औरंगाबादेत मोठी बैठक व्हती. त्यांचा हात दुखत व्हता म्हनून विमान हाकायला दुसरा मानूस, त्याच्या मागं जागा एकाचीच. त्यांनी भिवराबाईला बसवलं, दवाखान्यात धाडलं, आन आपन बैलगाडीनं परभनी टेसनाला गेले. बैठक बुडाली. भिवराबाई पोर घेऊन हसत परत आली.

असा मानूस तापानं गेला. सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा तोंडावर आला व्हता. मुलखात दिवस वाईट व्हते, लोक दबून बोलायचे.  मुंजाजी मिस्त्री आला, माझ्यावर बसला, आन तसाच उठून गेला.

त्यांच्या जागी बन्सीधर साहेब आले. हुशार मानूस, कपडे झकास. पन त्यांनी काही बी हुकूम काढला की कोनतरी म्हनायचं, "माणिकराव साहेब असं न्हाई करायचे." रोजच्या रोज ऐकून मानूस आंबला. मेलेल्या मानसाशी भांडायला लागला.

एक दिवस येऊन त्यांनी उमाजीला बाजूला घेतलं. "उद्या भागीदार येतील. त्यांच्यासमोर सांगायचं, माणिकरावाचं विमान जवारीत घुसलं त्या दिवशी वारा सुटला व्हता, मी हात हलवून साहेबाला नको नको म्हणलं, पण साहेब बेफिकीर, ऐकलं नाही. एवढं सांग, माळ तुझा. नाही सांगितलंस तर तारेचं कुंपण आणि मेंढरं बाहेर. उन्हाळा आलाय, बघ."

सांजच्याला खांबाखाली बोलनं निघालं. भिवराबाई पोरीला पाजत म्हनली, "मामंजी, सांगा की. मेलेल्या मानसाला काय लागतंय? मेंढरं जित्ती हायेत."

"तू बोलायलीस हे?" बानूबाई कडाडली. "तू? ज्याच्या जागंवर बसून..."

"मीच बोलायले, आत्याबाई! चारा कुठाय? दाखवा मला!"

 आजूबाजूचं समदं करपलं व्हतं.  उमाजीचा हात माझ्या काठावरून नुसता फिरत व्हता. मित्रांनो, त्याला काय वाटत व्हतं ते मला बी कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं मोठं विमान उतरलं. दोन भागीदार, बन्सीधर साहेब, हाकनारा आन मुंजाजी मिस्त्री. खुर्च्या टाकल्या. बन्सीधर साहेब खुर्चीत बसले आन बुटाचे पाय माझ्यावर ठिवले.

"सांग उमाजी," ते म्हनले. "त्या दिवशी काय झालं?"

"आधी पाय काढा, साहेब."

"काय?"

"घोंगडीवरून पाय काढा. मंग सांगतो."

भागीदारांनी एकमेकांकडं बघितलं. बन्सीधर सायबांनी पाय मागं घेतले. उमाजीनं वहाना काढल्या आन माझ्यावर मांडी घातली.

"वारा व्हता. पिशवी लोंबली, कारन ती पिशवी नव्हतीच, हीच घोंगडी व्हती. मी टांगली. सायबानं माझ्यापायी कपाळ फोडून घेतलं आन तुमच्यापुढं चूक आपल्या अंगावर घेतली. मी हात हलवला न्हाई. साहेब बेफिकीर नव्हता. मला असं सांगायला लावनारा हितं खुर्चीत बसलाय."

"बेवकूफ!" बन्सीधर साहेब उठले. "आजच्या आज मेंढरं हलव! माळावर एक खूर दिसता कामा नये!"

"हलवतो की." उमाजी जागचा हालला न्हाई.

तवा भिवराबाई पुढं आली. काल तीच भांडत व्हती. पोरीला कडेवरून उतरवून माझ्यावर बसवलं आन आपन बसली. "आमी जातो," म्हनली. "पन ही पोर कुनामुळं हाय ते सांगून जातो. ऐका." आन सांगायला लागली.

मुंजाजी मिस्त्रीनं जोडे काढले.

"मिस्त्री, चला! विमान चालू करा!"

"करतो, साहेब. जरा आमच्या सायबाची आठवन चाललीय, तेवढी व्हऊ द्या." आन बसला. मागून विमान हाकनारा बी बसला.

आता गंमत बघा. त्या विमानाचा पंखा हातानं फिरवल्याबिगर चालूच व्हत नव्हता. फिरवनारा माझ्यावर, हाकनारा माझ्यावर. बन्सीधर साहेब वरडले, काठी आपटली, मंग उन्हात खुर्चीवर बसून राहिले. दुसरं करनार काय? त्यांना समदं ऐकावं लागलं. बैलगाडी ऐकावी लागली, शेळी ऐकावी लागली, मिस्त्रीनं सायबाच्या उतरन्याला 'भिकार' म्हनलेलं बी ऐकावं लागलं. शेळीच्या गोष्टीला म्हातारा भागीदार फस्सकन हसला, जोडे काढून येऊन बसला आन म्हनला, "त्याला चहा फार गोड लागायचा, माहीत आहे का?"  ऊन कलंपर्यंत कोनी उठलं न्हाई.

माळ गेला, मित्रांनो. त्याच सांजंला उमाजीनं मला खांद्यावर टाकलं आन मेंढरं येलदरीच्या अंगाला, पूर्णेच्या काठानं नेली. त्या उन्हाळ्यात बरीच मेंढरं मेली. भिवराबाईनं एकदा बी तोंडातून बोल काढला न्हाई. उलट दर मुक्कामाला मला झटकून अंथरायची आन पोरीला म्हनायची, "वहाना काढ."

आता मला कसर लागलीय, मधी भोकं पडलीत. मला ऊन दाखवा, झटका, कुनी दमूनभागून आला तर त्याच्या खाली अंथरा. पेटीत घालून पूजू नका, मला घुसमटतं. आन ज्यानं तुमचं भलं केलं त्याच्याबद्दल खोटं बोल म्हनून कुनी दरडावलं, तर भांडू नका, पळू नका. वहाना काढा, खाली बसा, आन त्याची गोष्ट सांगायला लागा. वरडनाऱ्याला वरडू द्या. गोष्ट संपंपर्यंत उठू मात्र नका.