मधल्या मैदानाची सुनावणी

लोमेशचं लग्न आणि मैदानाची सुनावणी एकाच आठवड्यात आली, आणि दुर्ग्यांच्या घरात आधी कोणत्या कामाला हात घालावा हेच कोणाला कळेना. एकीकडे मंडप, पांढरी लुगडी, वऱ्हाडाच्या जेवणाचा बेत. दुसरीकडे नगरपरिषदेच्या सभागृहात चार लोकांसमोर आपल्याच होणाऱ्या व्याह्याच्या विरोधात उभं राहायचं. आणि झाडीपट्टीत व्याह्याचा, म्हणजे तिकडच्या बोलीत ईवायाचा, मान केवढा असतो ते सांगायला नको.

विरोधात उभी राहणार होती नवरदेवाची आई, कांता.

कांता चंद्रपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा चेहरा गावात फारसा कोणाला ठाऊक नव्हता, पण आवाज सगळ्यांना ठाऊक होता. पंच्याऐंशी सालची गोष्ट. नागपूरला बोलायचं तरी आधी कांताला बोलावं लागे. दिवसभर ती दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, आणि घरी आली की स्वतः एवढं बोलायची की श्रीहरी, तिचा नवरा, म्हणायचा, "अवो, आता तरी लाइन कट कर."

श्रीहरी घुग्घुसच्या खाणीत होता. लग्न झाल्यापासून त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत दिवस काढले. पुढं नाली, मागं भिंत. चौदा एप्रिलचा मंडप रस्त्यावरच पडायचा आणि भाषण रंगात आलं की कोळशाचा ट्रक हॉर्न वाजवत मधूनच जायचा. म्हणून देवराव खोब्रागड्यांनी मैत्री गृहनिर्माण संस्था काढली तेव्हा सगळ्यात आधी सभासद झाली ती कांता. देवराव आयटीआयमध्ये हेडक्लार्क. माणूस तोंडानं फटकळ, पण मनानं लोण्याचा. घुग्घुस रोडवरची पडीक जमीन त्यांनी मिळवली, ओळखीपाळखीच्या घरांना एकत्र आणलं, आणि लेआउट मंजूर करून आणला. रस्त्याच्या कडेला दुकानांची ओळ, आत घरं, आणि सगळ्यांच्या मधोमध एक मोकळं मैदान.

नकाशा पाहिला तेव्हा कांतानं बाकी काहीच पाहिलं नाही. त्या मैदानावरच तिचं बोट थांबलं. संध्याकाळी बाया इथं बसतील, पोरं खेळतील, लग्नं इथं लागतील. रविवारी ती उगाच त्या जागेवर चक्कर मारून यायची. अजून एक वीटही लागली नव्हती, तरी तिला तिथं माणसं दिसायची.

त्याच संस्थेच्या बैठकांमध्ये देवरावांची पंचशीला आणि कांताचा लोमेश यांनी एकमेकांना पाहिलं. पंचशीला शिवणकाम शिकलेली, हसरी, उत्तराला तयार. दोन्ही घरं खूश झाली. हुंडा नाही, मानपान नाही. ठरलं.

आणि मग देवरावांनी नकाशात बदल करायचा अर्ज दिला.

त्याचं कारणही खोटं नव्हतं. लाकडाच्या डेपोत सुकलू मडावी आणि त्याच्या गावची आणखी पाच घरं कामाला होती. मूळची चामोर्शीकडच्या जंगलातली माणसं. डेपोच्या आवारातच त्यांच्या झोपड्या होत्या, आणि आता डेपोच तिथून हलणार होता. सुकलूनं देवरावांना विचारलं, आणि देवरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तुमाले जागा भेटन. देवरावचा शब्द हाये." जागा कुठून काढणार? सगळे प्लॉट वाटून झालेले. उरलं होतं ते मैदान. देवरावांनी मैदानावर सहा प्लॉट आखले आणि नवा नकाशा मंजुरीसाठी धाडला.

नगरपरिषदेच्या फळ्यावर नोटीस लागली. कोणाची हरकत असेल तर कळवावी.

कांतानं हरकत घेतली.

"ईवायावर हरकत?" श्रीहरी जेवता जेवता थांबला. "अवो, पोराचं लगन हाये पुढच्या हप्त्यात!"

"लगन मैदानावरच हाये ना? मैदानच नाई राह्यलं त लगन का छतावर लावतेस?"

"थे आपल्या लगनापुरतं हाये ना बाई. मंग बांधतील."

"मंग दुसऱ्याच्या पोराचं लगन कुठी लागन?" कांता म्हणाली. श्रीहरीनं वरण वाढून घेतलं.

देवरावांना कळलं तेव्हा ते लग्नाची साडी दाखवायला आलेले होते. साडी दाखवून झाली, चहा झाला, आणि दारात चप्पल घालताना ते म्हणाले, "ईहीनबाई, सुनावणीत मी तुमाले सोडणार नाई बरं का."

"मी बी नाई सोडत, भाऊ," कांता म्हणाली. दोघंही हसले, पण दोघांचंही हसू जरा अर्ध्यावरच राहिलं.

खरं दुखलं ते रविवारच्या बाजारात. सुकलूची बायको मंगली तिथं चारोळी, मध, मोहफुलं घेऊन बसायची. कांताची आणि तिची जुनी ओळख. एरवी मंगली तिला बसायला पोतं पसरून द्यायची. त्या दिवशी तिनं मान वळवली.

कांता तरीही खाली बसली. "मंगली, तुह्या घरावर माही हरकत नाई."

"मैदानावर हाये ना?"

"हो."

"मंग आमी कुठी जाऊ, सांगा," मंगली म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

कांता तशीच उठली. घरी येताना ती मुद्दाम जागेवरून आली. मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि चहूकडं बघत राहिली. मैदान हवंच होतं. पण मंगलीला घर नाही आणि आपल्याला मैदान, असं मैदान घेऊन करायचं काय? त्यावर नाचणार कोण? रस्त्याकडं नजर गेली तेव्हा तिथं दुकानांसाठी ठेवलेली ओळ दिसली. रिकामी. दोन वर्षांत एकाही सभासदानं तिथलं दुकान मागितलं नव्हतं. देवरावांनी मात्र ती ओळ कोणाला द्यायचं कधी नावही काढलं नव्हतं.

कांताची पावलं एकदम हलकी झाली.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. संस्थेचे सभासद आले, डेपोची सहाही घरं आली, आणि दोन्हीकडचे पाहुणे लग्नासाठी आधीच येऊन बसलेले, तेही आले. ईवाई-ईहिणीचं भांडण फुकटात बघायला कोणाला नको असतं? समोर बांधकाम समितीचे सभापती गुणवंतराव, पांढरी टोपी, भरघोस मिशा. शेजारी नागपूरहून आलेले नगररचनेचे साहेब, पुढ्यात नकाशा पसरलेला.

देवराव आधी बोलले, आणि चांगलं बोलले. सहा घरं उघड्यावर पडतील, ती आपली माणसं आहेत, मैदानाशिवाय माणूस जगतो, छपराशिवाय जगत नाही. सुकलूनं डोळे पुसले. कांताला वाटलं, आपण हरकत घेतली नसती तर आता टाळ्या वाजवल्या असत्या.

मग सभापतींनी तिला बोलावलं. ती उभी राहिली. "सभापतीसाहेब, माझं म्हणणं थोडक्यात सांगते..."

गुणवंतराव खुर्चीत ताठ झाले. "थांबा थांबा. हा आवाज... तुमी ट्रंककॉलवाल्या बाई का?"

"हो."

"मायबाप! माह्या पोराची नोकरी लागली थे तुमच्याच तोंडून आयकलं ना मी! लाइन खराब होती, तुमीच मधातून वरडून सांगतलं, 'पोरगा लागला म्हणते!'"

सभागृहात हशा पिकला. नागपूरचे साहेबही हसले, मग चष्मा सारखा करून म्हणाले, "बाई, मुद्द्यावर या. मोकळी जागा एकदा नकाशात दाखवली की ती सगळ्या सभासदांची असते, ती कमी करायला भक्कम कारण लागतं. पण यांचं कारण भक्कम आहे. या सहा कुटुंबांचं तुम्ही काय करणार?"

"त्यांना रोडकडची ओळ द्या," कांता म्हणाली. "दुकानांची. ती रिकामी आहे."

देवरावांचा चेहरा पडला. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. "का हो? ही ओळ कशासाठी राखून ठेवलीत?"

देवराव खाकरले. टोपी काढली, पुन्हा घातली. "थे... बाजारलाइन होणार हाये तिथी. पुढं. कॉलनी वसली म्हंजे."

"कोणाची?"

"आता का सांगू साहेब." देवरावांनी जमिनीकडं बघत सांगून टाकलं. "पयलं दुकान जावयाच्या नावानं करणार होतो. लगनाच्या दिवशी सांगणार होतो. हुंडा नाई देत आपण, म्हून म्हटलं, काईतरी..."

आता हशा असा उठला की बाहेरचा चपराशी आत डोकावला. कांताही हसली, तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ज्याच्याशी ती भांडत होती तो माणूस तिच्याच पोरासाठी दुकान लपवून बसला होता!

लोमेश लाजेनं लाल होऊन उठला आणि देवरावांना म्हणाला, "बाबाजी, मले दुकान नाई पायजे. मी खाणीत लागलो ना. दुकानात बसून मी का करू?"

"मले पायजे होतं," मागून पंचशीला म्हणाली. "शिलाईचं. पण माह्या एका मशीनले अख्खी ओळ कायले लागते? कोपराभर जागा असली तरी जमते."

सगळं जुळून येतंय असं वाटत होतं, तेवढ्यात मंगली उभी राहिली. ती अशा जागी कधी बोललेली नव्हती. सुकलूनं तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"आमाले रोडवर नाई रायचं," ती म्हणाली. "दार उघडलं का टरक. दिवसभर कोयशाची धूळ. लेकरू धावत बाहीर गेलं त कोण पायन त्याले? आमच्या गावात घर असं नसते. दार आंगणात उघडते, आंगणात माणसं असतात."

कांताचा चेहरा उतरला. तिला रस्ता सुचला होता, पण रस्त्यावरचे ट्रक तिच्या ध्यानातच आले नव्हते. खरंच, कोण आपलं लेकरू तिथं खेळवील? साहेबांनी नकाशावर पेन्सिल टेकवली आणि उचलली. कोणालाच काही सुचेना.

सुचलं ते देवरावांना. तो लेआउट त्यांनी हातानं घडवलेला, त्याची कड अन् कड त्यांच्या डोळ्यांत होती. ते टेबलाशी गेले आणि साहेबांच्या हातातली पेन्सिल चक्क मागून घेतली.

"दुकान रोडकडं, घर उलट्या बाजूले," ते म्हणाले. "रोडवर निस्ती दुकानाची फळी. घराचं दार मागून. अन् मागून गल्ली काढा, थेट मैदानात. मंगलीबाई, तुमचं दार मैदानाकडंच उघडते मंग!"

साहेब वाकून बघू लागले. "पण मागे तर प्लॉट आहे. गल्ली कुठून काढणार?"

"थो प्लॉट माहा हाये," देवराव म्हणाले. "त्यातून काढा. मोठा हाये, मले एवढी जागा कायले लागते? पोरगी त चालली."

मग कांता म्हणाली, "भाऊ, मी हरकत मागे घेतो." घाईत ती आपल्या बोलीत बोलून गेली, जिथं बायाही 'घेतो'च म्हणतात.

"आता कायची मागं घेता?" देवराव गरजले. "तुमी हरकत घेतली म्हून त हे सुचलं! राहू द्या थे कागदावर!"

गुणवंतरावांनी मंगलीकडं पाहिलं. "बाई, तुमाले चालते का?"

मंगली नकाशाजवळ आली. तिला त्या रेषांतलं फार कळत नव्हतं. साहेबांनी तिला दाखवलं, इथं तुमचं दार, इथं मैदान. तिनं विचारलं, "अन् दुकानात माही चारोळी ठेवता येते?"

"का नाही येणार? तुमचंच दुकान."

"मंग चालते," मंगली म्हणाली, आणि वळून पंचशीलाला म्हणाली, "तुही मशीन बी ठेव तिथंच. बाजूले."

समितीनं थोडी कुजबूज केली. साहेबांनी सांगितलं की मैदान जसंच्या तसं राहील, रस्त्याकडच्या ओळीत पुढं दुकान मागं घर असं बांधकाम करता येईल, गल्लीची रुंदी तेवढी मोजून घ्यावी लागेल, आणि सुधारित नकाशा रीतसर मंजूर होऊन येईल. गुणवंतरावांनी टेबलावर थाप मारली. टाळ्या वाजल्या. नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे पाहुणे कोण जिंकलं म्हणून एकमेकांना विचारत बाहेर पडले आणि शेवटी दोन्हीकडच्यांनी आपलीच माणसं जिंकली असं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मैदानावर मंडप पडला. मंडपाचं तोंड कोणीकडं असावं यावरून देवराव आणि कांता परत भांडले, पण आता ते भांडण ऐकायलाही गोड वाटत होतं. वंदना झाली, पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले. गुणवंतरावांना निमंत्रण नसतानाही ते आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, "या बाईच्या तोंडून मले नोकरीची बातमी भेटली बरं." डेपोच्या सहा घरांनी ढोल आणला होता. जेवणं उरकल्यावर सुकलूनं ढोलावर हात टाकला, मंगलीनं आणि तिच्या गावच्या बायांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरला, आणि त्यांच्या गोंडी बोलीतलं रेलाचं गाणं सुरू झालं. शब्द कळले नाहीत तरी पाय थांबेनात. श्रीहरी रात्रपाळी संपवून थेट लग्नाला आलेला, जेमतेम तोंड धुतलेला. तोही शेवटी जाऊन घुसला आणि सगळ्यांच्या उलटं नाचू लागला.

कांता त्याला ओढून काढायला गेली. तिथं मंगलीनं तिच्याच कमरेला हात घातला. आता सुटका नव्हती. ती अडखळली, पायात पाय अडकला, समोर देवराव पोट धरून हसत होते.

"डावा पाय आधी, कांताबाई!" मंगली तिच्या कानाशी ओरडली. "डावा! डावा!"