निरंक

दिगंबर पावसकर फॉर्मवर 'निरंक' लिही आणि समोरचा जीव नाहीसा होई. कुमुदबाईंना हे ओहोटीत उघड्या पडलेल्या खडपावरच्या पहिल्याच डबक्यापाशी कळलं. त्यांनी समुद्रफूल दाखवलं. हिरवट झालर पसरून ते पाण्यात डुलत होतं. दिगंबरने वाकून पाहिलं, पेन टेकवलं. डबक्यात नुसता खडक उरला.

"अरे, आत्ता होतं ना!"

"होतं, बाई. पण रकान्यात काय भरायचं ते वरूनच ठरलंय. इथं बोटींचा धक्का व्हायचाय."

बाईंनी गावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. दिगंबर त्यांचाच विद्यार्थी. याच खडपावर, अशाच ओहोटीला, शंखात राहणारा खेकडा त्याने पहिल्यांदा त्यांच्या तळहातावर पाहिला होता. आता तो इथल्या जीवांच्या पाहणीला साहेब म्हणून आला होता, आणि नियमाप्रमाणे गावातलं जाणकार माणूस सोबत लागतं म्हणून त्याने बाईंना आणलं होतं.

बाई हट्टाला पेटल्या. लिहून लिहून किती लिहील? त्यांनी तारामासा दाखवला. निरंक. समुद्रकाकडी. निरंक. मग कपारीभर चिकटलेल्या कालवांकडे बोट केलं, आणि कालवं फोडत बसलेल्या गुलाब तांडेलणीच्या हातोडीखाली खडक गुळगुळीत झाला. गुलाबने टोपलीत पाहिलं. तीही रिकामी.

"बाई, बोट नका दाखवू," ती म्हणाली. "तुम्ही दाखवताय म्हणून जातंय सगळं."

बाईंना ते झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं. त्यांनी हात पदराआड घेतला. तर दिगंबर त्यांच्या नजरेच्या मागे जाऊ लागला. त्या जिथं पाहत तिथलं तो लिही. त्यांनी डोळे मिटले आणि त्या चाचपडत एका डबक्याच्या काठावर बसल्या. आधारासाठी हात पाण्यात गेला. आतल्या ऑक्टोपसने मनगटाला विळखा घातला, थंड आणि घट्ट.

"बाई, तिथं काय आहे?"

"काही नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना."

"तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?" दिगंबर म्हणाला आणि मन लावून लिहू लागला.

बाईंनी डोळे उघडून हात वर काढला. हातावर काही नव्हतं. विळखा मात्र सुटला नव्हता. मनगटावर गोल गोल वळ उमटत होते, एकापुढे एक, कोपराकडे.