स्पॉटवर अनुपस्थित

रोहिणीने आईला, तानीला, पत्र दोनदा वाचून दाखवलं. ‘स्थळपाहणीच्या वेळी अर्जदार स्पॉटवर अनुपस्थित. सबब दावा अमान्य.’ तानीने ते ऐकलं आणि हातातला विळा ओट्यावर आपटला. अनुपस्थित? ती? अगं, त्या गुरुवारी तर ती सकाळी नऊपासून स्पॉटवर बसून होती!

बदलापूरच्या मागे, बारवी धरणाच्या अंगाला पंधरा घरांची त्यांची वाडी. वाडीच्या खाली ओढा कड्यावरून उडी घेतो, त्याला जुनी माणसं वाघधार म्हणायची. मग गाडीवाले यायला लागले. काच खाली करून विचारायचे, “मावशी, स्पॉट किधर है?” पहिल्यांदा वाडी हसली. मग धारेजवळ मक्याची कणसं भाजून विकता येतात हे कळलं, आणि हसता हसता वाडीनेच तो शब्द उचलला. आता तिथल्या शेंबड्या पोराला विचारा, स्पॉट म्हणजे धार. वाघधार म्हणणारी माणसं मेली, नावही त्यांच्याबरोबर गेलं. तानीही स्पॉटच म्हणायची.

वर डोंगराच्या सपाटीवर वीस गुंठ्यांचा तुकडा. तिच्या नवऱ्याने, देऊने, दगड वेचून वेचून तो कसायला काढला. देऊ गेला, पण त्या जमिनीच्या हक्काचा दावा अकरा वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. या खेपेला कागद झाला नाही तर त्या तुकड्याला वनखात्याचं कुंपण पडणार आणि तानीला तिथे नाचणीचा दाणाही टाकता येणार नाही, असं सरळ सांगून झालं होतं. म्हणून तर दाव्याच्या ऑफिसातून फोन आला, “गुरुवारी अकराला स्पॉटवर हजर राहा,” तेव्हा ती दोन तास आधीच गेली. धुतलेलं लुगडं नेसून, कागदांची पिशवी छातीशी धरून धारेजवळच्या दगडावर बसली. पोरं आली, नाचली, बाटल्या फोडून गेली. एकाने तिचा फोटोही काढला. साहेब काही आला नाही. ऊन कलल्यावर ती शिव्या घालत घरी परतली. आणि साहेब? तो मोबाईलच्या नकाशावरून थेट वरच्या तुकड्यावर पोचला होता. तिथे रेंज नाही, त्याचा तिला फोन लागला नाही. त्याला जागा सापडली, बाई सापडली नाही.

रोहिणी उल्हासनगरला, कॅम्प नंबर पाचमध्ये, जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला. शेटची बोलणी खाऊन तिने सुट्टी काढली आणि दोघी अंबरनाथ पूर्वेला त्या ऑफिसात जाऊन उभ्या राहिल्या. पाहणीला आलेल्या मिलिंदसाहेबाच्या टेबलापुढे रांग होती. तानी रांग मोडून पुढे गेली.

“साहेब, मी व्हते स्पॉटवर. नऊपासून व्हते.”

“कुठे होतात? मी स्वतः अर्धा तास उभा होतो तिथे.”

“खाली. धारेवर.”

मिलिंदसाहेबाला हसू आवरेना. “अहो मावशी, तो पिकनिक स्पॉट! स्पॉट म्हणजे एक्झॅक्ट जागा. ज्या जागेचं काम, ती. अपघात झाला तर तो स्पॉट, पंचनामा झाला तर तो स्पॉट. इंग्लिश शब्द आहे, त्याचे दहा अर्थ होतात.”

“मंग त्या दहातला कंचा, त्ये फोनवर सांगितला का तुमी?”

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

“जागा म्हनाया तोंड दुकत व्हतं? जाग्यावर ऱ्हा म्हनला असता, तर मी जाग्यावरच व्हते ना! चाळीस वरसं हाय!”

मिलिंदसाहेबाचे कान लाल झाले. त्याने फाइल ओढली, आतला फोटो काढून तिच्यासमोर टाकला. “हे बघा. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, सगळं आहे. आहात का तुम्ही यात कुठे? मी खोटं लिहिलेलं नाही.”

तानीने फोटो उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. तिचा तुकडा होता. कणसांनी वाकलेली नाचणी, देऊने रचलेला दगडी बांध, राखणीचा माळा. माळ्याच्या बांबूवर आदल्या दिवशी वाळत घातलेलं तिचं हिरवं लुगडं.

तिने फोटोवर बोट आपटलं.

“ही नाचनी कोनी लावली? वाऱ्यानं? ह्यो माळा कोनी बांधला, पाखरांनी? आन् ह्ये लुगडं कोनाचं हाय साहेब, तुमच्या बायकोचं?”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. रोहिणीला मात्र हसू आलं नाही. रात्रभर कोंडलेलं ती एकदम बोलून गेली, “सर, लिहायचं तर पूरा लिखो ना. पीक उपस्थित. बांध उपस्थित. लुगडं उपस्थित. मग खाली तुमची सही करा.”

मिलिंदसाहेबाने फोटो पुन्हा हातात घेतला. तो फोटो त्यानेच काढला होता, त्यानेच फाइलला लावला होता, आणि त्यात बाई नाही एवढंच त्याला दिसलं होतं. त्याने पेन उघडलं. फाइलमधल्या ‘अमान्य’वर आडवी रेघ मारली आणि बाजूला ‘फेरपाहणी’ लिहिलं. रोहिणीने त्याच्या हाताखालून ते वाचून घेतलं, मगच आईला मान हलवून सांगितलं.

“येत्या गुरुवारी,” तो म्हणाला. आवाज उतरला होता. “अकरा वाजता तुम्ही स्प...” त्याने जीभ चावली. “जागेवर या.”

तानीने कागद पिशवीत कोंबले. राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

“मी येनार नाय,” ती म्हणाली. “तुमी या. मी तितंच हाय.”