ग्राहक असमर्थ

वीज कंपनीच्या माणसानं कागदावर तीनच शब्द लिहिले होते: "ग्राहक वृद्ध, असमर्थ." आणि शेजारणीकडून मुलीचा फोन नंबर घेऊन तो खाली लिहून ठेवला होता. श्वासबाईंना हे कळलं पाच दिवसांनी, तेही मुलीकडून. तेव्हापासून त्यांचं डोकं जे तापलं होतं ते उतरायचं नावच घेत नव्हतं.

श्वासबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी दवाखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं एक्स-रे काढले. "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका," हे त्या अशा आवाजात सांगत की भलेभले पैलवान जागच्या जागी थिजत. तिथं पडलेलं नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. धूसर आली म्हणून डॉक्टरांनी त्यांची फिल्म परत पाठवली, असं बत्तीस वर्षांत फार तर चारदा झालं असेल. त्यातही तीन वेळा दोष डॉक्टरांच्या चष्म्याचा होता, असं त्या अजून ठासून सांगतात. अशा बाईला असमर्थ म्हणायचं म्हणजे हद्द झाली.

पण त्या माणसानं अगदीच मनचं काही लिहिलं नव्हतं, हेही खरं. रीडिंग घ्यायला घरोघर माणूस पाठवणं कंपनीनं बंद केलं होतं. आता ज्यानं त्यानं दर महिन्याला आपल्या मीटरचा फोटो मोबाईलवरून पाठवायचा. आणि श्वासबाईंचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. थोडाथोडका नाही, कपातला अर्धा चहा बशीत यायचा. डावा त्याच्या मदतीला धावायचा आणि मग दोघेही थरथरायचे. सलग तीन महिने कंपनीचं एकच उत्तर: "फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा." फ्लॅश लावला की मीटरच्या काचेवर पांढरा गोळा, फ्लॅश बंद केला की आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले. तो सहा आहे की आठ, देवालाही सांगता आलं नसतं. शेवटी कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला, आणि त्यानं ती नोंद केली.

मुलगी आधीपासूनच मागे लागली होती, की आई, आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. तिला कंपनीनं आयतं निमित्त दिलं. फोनवर शब्दाला शब्द वाढला आणि रागाच्या भरात श्वासबाई बोलून गेल्या, की या महिन्याचा फोटो कोणाचीही मदत न घेता काढीन, आणि नाही पास झाला तर कायमची तुझ्याकडे येते. फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच्याच जिभेला दोन शिव्या हासडल्या. पण बोलून बसल्या होत्या, आणि दिलेला शब्द फिरवण्यातल्या त्या नव्हत्या.

रीडिंगच्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला मुलगी दारात हजर. सोबत चार रिकामी खोकी, एकात एक बसवलेली. हे दोन खोल्यांचं घर त्यांनी एकटीच्या पगारावर घेतलं होतं. इथं कुठली वस्तू कुठे आहे हे त्या डोळे मिटून सांगायच्या. मुलीच्या घरी त्यांना काही कमी पडणार नव्हतं, फक्त प्रत्येक गोष्ट विचारून घ्यावी लागणार होती.

फोटो बाराच्या आत जायला हवा होता. मीटर जिन्याखालच्या बोळात, छातीच्या उंचीवर. पहिले सहा फोटो वाया गेले. सातवाही गेला, तेव्हा मागे उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "आई, दे इकडे. मी काढते. कोणाला कळणार आहे?"

खोकी घेऊन आलेली हीच, आणि आता आईला हरताना बघवत नाही म्हणून लबाडी करायला निघालेलीही हीच. श्वासबाईंनी क्षणभर तर फोन पुढे केलाही होता.

"मला कळेल," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात काय करायचं?"

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. हात मांडीवर थरथरत पडला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि बघता बघता तो त्यांना कोणा पेशंटचा हात वाटायला लागला. असे हात त्यांच्या टेबलावर रोज यायचे. स्थिर राहणं जमत असूनही जे हलायचे त्यांच्यावर त्या ओरडायच्या, पण ज्यांना जमतच नसे त्यांना एका शब्दानं बोलायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि फिल्म काढायची, झालं. मग तीन महिने आपण आपल्याच हाताशी का भांडत बसलो, याचा त्यांना मनस्वी राग आला.

त्या उठल्या. जुन्या मोज्यांचा जोड काढला, कुंडीतली माती त्यात भरली. निम्मी फरशीवर सांडली, सांडू दे. स्वयंपाकघरातलं उंच स्टूल ओढत आणलं, त्यावर पत्र्याचा डबा ठेवला, डब्यावर मातीच्या दोन मोज्यांमध्ये फोन उभा करून घट्ट दाबून बसवला. स्टुलाला हात लावायला मुलगी पुढे आली तसा एकच कटाक्ष टाकला, ती मागे सरकली. मीटरची काच ओल्या फडक्यानं पुसली. फ्लॅश बंद केला आणि काचेवर तिरका उजेड पडेल अशी बॅटरी पायरीवर ठेवली. फोनमध्ये दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायची सोय होती. ती दाबून त्या एक्स-रे काढतानाच्या सवयीनं दोन पावलं मागे दाराआड गेल्या.

फोटोत सगळे आकडे आले, मीटरचा नंबर आला, काचेच्या आत मरून पडलेली मुंगीसुद्धा आली. अकरा चाळीसला कंपनीचं उत्तर आलं, "रीडिंग स्वीकारलं आहे."

मुलगी कितीतरी वेळ तो फोटो पाहत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "मला मीटरची काळजी नव्हती गं. तू इथे पडलीस तर मला कळणार कधी?"

श्वासबाईंनी तिला जवळ घेतलं. इतके दिवस हिला वैरी समजून भांडलो, याचं त्यांना वाईट वाटलं. "पडले तर फोन करीन," त्या म्हणाल्या. "हाड मोडलंय की नुसतं दुखावलंय, ते तुझ्या डॉक्टरच्या आधी मीच सांगीन." मुलगी रडता रडता हसली. आठवड्यातून दोनदा तिनं यायचं, पण खोकी न घेता, असं ठरलं.

पण त्या तीन शब्दांचा हिशेब अजून राहिला होता. श्वासबाईंनी कागद घेतला आणि लिहायला बसल्या. मुलगी टाइप करून द्यायला तयार होती, त्यांनी ऐकलं नाही. चार ओळींना वीस मिनिटं लागली. मी असमर्थ नाही. तशी नोंद खोडावी. यापुढे जे काही कळवायचं ते माझ्याच नंबरवर कळवावं. खाली सही, कागदभर पसरलेली.

मुलीनं वाचलं. "आई, अक्षर फार वेडंवाकडं आलंय. परत लिहितेस?"

"आता ते तसंच येतं," श्वासबाई म्हणाल्या. "वाचता येतंय ना?"

मुलीनं पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. वाचता येत होतं, शब्द न् शब्द.