पुन्हा तेच मलम

सेनेगलमधल्या काओलाकच्या बाजारात लग्न ठरलेली मुलगी शिंप्याच्याही आधी डिबोरकडे जायची. खाजेवरच्या जालीम मलमाच्या दहा नळ्या साध्या क्रीममध्ये पिळायच्या, ते घोटायचं आणि मेयोनेजच्या रिकाम्या बरणीत भरून द्यायचं, हा तिचा धंदा. महिन्याभरात काळी नवरी गोरी. औषध खाजेचं, वापर नटण्याचा. पण विचारतो कोण? धाकट्या बहिणीला, न्गोनेला, तर तिने चार वर्षं बरण्या फुकट दिल्या.

बाळंतपणात न्गोनेचं पोट कापावं लागलं. मलमाने कातडी इतकी पातळ झालेली की टाके धरेनात. जखम चिघळली. नवव्या दिवशी ती गेली, मुलगी राहिली.

डिबोरने धंदा मोडला आणि सिराला वाढवलं. सिरा सहा वर्षांची झाली, तेव्हा तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब उठला. पोर रक्त निघेपर्यंत खाजवायची. दवाखान्यातल्या नर्सने मलमाची नळी दिली. डिबोरने झाकण उघडलं, तोच जुना वास आला, आणि अंगणातल्या चटईवर न्गोने येऊन बसली, दोन्ही हातांनी पोट धरून. डिबोरने नळी ज्वारीच्या डब्यात खुपसली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिने ताकच सांडून टाकलं. महिनाभर नुसतं शियाच्या बियांचं लोणी चोळलं. इसब पिकला, पोरीला ताप चढला.

नर्स चिडली नाही, हेच डिबोरला जास्त लागलं. न्गोनेची चिघळलेली जखम हिनेच धुतली होती, बरण्यांचं तिला ठाऊक होतं. तिने आधी पू जाण्याचं औषध दिलं, मग पुन्हा नळी.

"हे त्याच जातीचं आहे, पण सौम्य. थोडंसं, फक्त चट्ट्यावर, आठवडाभर. बहिणीला तुम्ही चार वर्षं अंगभर फासलंत, पोरीला टिपूसही लावत नाही. दोन्ही वेळा सोसतंय दुसरंच कुणी."

डिबोरने लावलं. न्गोने चटईवरून बघत राहिली. पाचव्या दिवशी चट्टे निवले, तिथली कातडी जरा उजळ दिसू लागली, सिराचं खाजवणं थांबलं. डिबोरला रडू आलं. मलमाचं काम हेच तर होतं, पहिल्यापासून.

सिराने भिंतीवरचा आईचा लग्नातला गोरापान फोटो काढून आणला, मांडीवर ठेवला आणि गाल पुढे केला.

"इथेही लाव ना, मावशी. मला आईसारखं दिसायचंय."

डिबोरने झाकण घट्ट लावलं. इतकी वर्षं कुणापुढे न काढलेले शब्द एका पोरीपुढे निघाले.

"तुझी आई तुझ्यासारखीच दिसायची, सिरा. मीच तिला पुसून टाकलं."