चुलीवरची पारख

भूषणने पुण्याहून स्वतः बनवलेली बिअर आणली होती. मोहाची फुलं घातलेली, कडक, आणि फक्त दोनशे बाटल्या काढलेली. असोदा गावातल्या घराच्या ओट्यावर त्याचे वडील, प्रेमराज आबा, छाती फुगवून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा पेपरातला फोटो दाखवत होते.

"काकू, तुम्ही चाखून सांगा. तुम्हाला मोहाची पारख आहे," म्हणत भूषणने कोकिळाबाईंच्या हातात ग्लास दिला.

पारख असणारच. त्यांचा नवरा याच घरामागे मोहाची दारू गाळायचा. पहिल्या धारेची चमचाभर चुलीत टाकायचा. निळा जाळ उठला की माल खरा. एका सकाळी पोलीस आले. घराण्याची अब्रू जाते म्हणून ते आबांनीच, सख्ख्या भावाने, बोलावले होते. नवरा जेलमधून खोकतच घरी आला आणि वर्षभरात गेला.

कोकिळाबाईंनी घोट घेतला. कडू जहर, पण मागून वास तोच. हात सवयीनेच अंगणातल्या चुलीकडे गेला आणि उरलेली त्यांनी निखाऱ्यांवर ओतली. चुर्र झालं, निखारे काळे पडले.

भूषण हसला. "काकू, बिअर आहे ती. पेटत नाही."

"दिसलं," त्या पदर सावरत म्हणाल्या. "ह्यांनी गाळलेली पेटायची. पण तेव्हा पेपरवाले नाही बोलावले तुम्ही, आबा."